बटणने काय खाल्लं?

१

गुरुवारी सकाळी शिंपीणताईंनी दुकानाचं शटर वर ढकललं, तेव्हा बटण उठला नाही. एरवी शटर गुडघ्याएवढं उघडलं की त्याखालून सुसाट बाहेर पडणारं ते कुत्रं, आज मागच्या दारापाशी चिंध्यांच्या पोत्यावर आडवं पडलं होतं. नाकातून रक्त येत होतं आणि शेजारी रचलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर त्याचे डाग पडले होते. ताईंनी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

बटण काही मिरवायला पाळलेला जातिवंत कुत्रा नव्हता. तांबूस, आखूड पायांचा, एक कान कायमचा दुमडलेला. ताईंच्या नवऱ्याने जायच्या वर्षभर आधी खिशात घालून आणलेलं पिल्लू ते. नवरा गेला, पिल्लू राहिलं, आणि दोघांत वाटायची ती सगळी माया एकट्या बटणच्या वाट्याला आली. त्या सकाळी ताई रडल्या नाहीत. त्याला मांडीवर घेऊन पदराने त्याचं नाक पुसत राहिल्या.

कोपऱ्यावर जनावरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, याच्या पोटात उंदराचं औषध गेलंय. हे इमारतीत कळायचा अवकाश, सगळ्यांच्या नजरा भिंतीच्या कडेने ठेवलेल्या सहा काळ्या पेट्यांकडे वळल्या आणि उंदीरवाल्या काकांना फोन गेला.

काकांचा हा धंदा अठ्ठावीस वर्षांचा. दर महिन्याला यायचं, पेट्या उघडायच्या, विषाच्या वड्या बदलायच्या, कुलूप घालून निघायचं. माणूस कामाला चोख म्हणून नाव होतं, आणि त्या नावाचा तोराही होता. फोन आल्यावर ते तडक आले, पण आले ते फणफणतच. माझ्या पेटीला माझ्या किल्लीशिवाय कुणाच्या बापालाही हात लावता येत नाही, हे त्यांनी फाटकापासून तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मग कमरेची किल्ली काढून त्यांनी सगळ्यांदेखत एकेक पेटी उघडून दाखवली. कुलपं शाबूत होती. पाच पेट्यांत सळईवर अर्धवट कुरतडलेल्या वड्या होत्या, खाली भुगा आणि उंदरांच्या लेंड्या. सहावी पेटी जिन्याखाली, ताईंच्या मागच्या दाराला लागून. तिच्यात वडी नव्हती. सळई मोकळी, तळ स्वच्छ. काकांनी त्या तळाकडे एकदा पाहिलं आणि मग लोकांकडे बघून हसत म्हणाले, की बघा, इथलं तर फस्त झालंय, म्हणजे औषध लागू पडतंय. लोकांनी माना डोलावल्या.

सोसायटीच्या अध्यक्षीणबाई हुशार. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं नाही ना? मग कुणाचं ते तुम्हीच शोधा. विषातलं तुमच्याइतकं इथे कुणाला कळतंय?"

काकांची छाती फुगली. त्यांनी ते काम तिथल्या तिथे अंगावर घेतलं.

२

काका आधी दवाखान्यात गेले. टेबलावर बटण सलाईन लावून पडला होता. काकांना पाहून त्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यानेच दमला. दर महिन्याला काका आले की हा त्यांच्या पिशवीमागे सहाही पेट्यांची फेरी मारायचा. काकांना खरंच वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या. ताईंच्या नणंदेने घाबरून बटणला मिठाचं पाणी पाजलं होतं, त्यावरून त्यांनी आधी तिला झापलं, की असले घरगुती उपाय माणसावर करा, माझ्या पेशंटवर नको. मग काकांकडे वळून त्यांनी आपल्याला काय माहिती हवी ते सांगितलं.

"या विषाने रक्त गोठायचं थांबतं. त्यावर के जीवनसत्त्वाच्या गोळ्या असतात. पण किती दिवस, ते विषावर ठरतं. किराणा दुकानातली साधी वडी असेल, तर बारा दिवस पुरतात. तुम्ही लोक वापरता तसली जबर असेल, तर महिना, कदाचित जास्त. ठाऊक नसेल तर मी महिनाच धरते. गोळ्या आधीच थांबवल्या तर आतल्या आत पुन्हा रक्त सुटेल, आणि दुसऱ्या वेळी कुत्रं वाचत नाही. तेव्हा अंदाज नको. नक्की काय खाल्लं ते सांगा."

काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की नक्कीच सांगतो.

एक गोष्ट त्यांना इतरांआधी कळत होती. हे विष खाल्ल्याबरोबर काही होत नाही. उंदीरसुद्धा तीन-चार दिवस मजेत फिरतो आणि मग मरतो. बटण गुरुवारी कोसळला, म्हणजे त्याने खाल्लं ते रविवारी, फार तर शनिवारी. बुधवारी बटणवरून जिन्यात झालेलं भांडण धरून बसलेल्यांना काकांनी वेड्यात काढलं.

तळमजल्यावरच्या वायरमनला बटण मागच्या महिन्यात चावला होता आणि तो खुनशीही होता. पण तो गेल्या शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत परगावी कामावर होता. मग उरली नणंद. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना केस चिकटतात म्हणून ती बटणच्या नावाने रोज बोटं मोडायची. तिला काकांनी तासभर पिडलं. तिने फिनेलची बाटली दाखवली, झुरळांची पावडर दाखवली, ते सगळं वरच्या फळीवर बंद डब्यात होतं. रविवारी संध्याकाळी बटणने हिरवंगार ओकलं होतं, एवढं तिला आठवत होतं.

"गवत खाल्लं असेल," काका म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला लागले.

जाता जाता त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, की गेल्या आठवड्यात उंदराचं औषध कुणी नेलं का. त्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं, की इमारतीतल्या एकाच माणसाने, शनिवारी सकाळी. नाव ऐकल्यावर काकांना कोडं सुटल्यासारखं वाटलं.

३

ते होते मास्तर. पहिल्या मजल्यावर, बरोबर ताईंच्या दुकानावर, अध्यक्षीणबाईंच्या खोलीत अकरा वर्षं भाड्याने राहणारे. गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटे, अबोल. बटणच्या भुंकण्याने त्यांची दुपारची झोपमोड व्हायची. बुधवारी जिन्यात त्यांनी ताईंना ऐकवलंही होतं, की याचा एकदा बंदोबस्त करावा लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी सगळ्यांना जिन्यापाशी गोळा केलं आणि मास्तरांना खाली बोलावलं. मास्तर आले, शर्टाची वरची गुंडी लावत. औषध घेतलं का विचारल्यावर त्यांनी सरळ हो म्हटलं आणि वर जाऊन पाकीटही आणलं. चार गुलाबी वड्यांतल्या तीन शिल्लक होत्या.

"चौथी कुठे?"

"ओट्याखाली ठेवली होती शनिवारी. रविवारी सकाळी पाहिलं तर नव्हती," मास्तर म्हणाले. "उंदराने नेली असावी."

आता इथे काकांना थांबता आलं असतं. पण समोर वीस माणसं, सगळ्यांचे कान त्यांच्याकडे, आणि गळाला मासा लागलेला.

"मास्तर, उंदीर काय वडी डब्यात भरून घरी नेतो होय? तो जागच्या जागी खातो. तुमच्या खिडकीखालीच ताईंचं मागचं दार आहे, रविवारी दुपारी कुत्रं तिथेच झोपलेलं असतं. आता तुम्हीच सांगा, वडी कुठे गेली."

कुणीतरी हसलं. मास्तरांनी काकांकडे पाहिलं, मग ताईंकडे. ते पाकीट हातात तसंच धरून उभे राहिले, आणि लोकांना ती कबुलीच वाटली. वाल्याचा वाल्मिकी होतो, मास्तरांचा त्या संध्याकाळी उलटा प्रवास झाला. अध्यक्षीणबाईंनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

काकांनी पाकीट दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हेच? नक्की?"

"शंभर टक्के," काका म्हणाले.

बाईंनी बारा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. संपल्या की दोन दिवसांनी रक्त तपासायला आणा, असंही सांगितलं.

४

बाराव्या दिवशी काका आपल्या नेहमीच्या फेरीला आले, तेव्हा बटण दुकानाच्या पायरीवर उड्या मारत होता. शेवटची गोळी त्याने सकाळीच घेतली होती. आता ते रक्त-बिक्त तपासायचं राहू दे, ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, शाळा उघडायला आठवडा उरलाय, दोनशे गणवेश बाकी आहेत, आणि हा तर बघा कसा टुणटुणीत झालाय. काकांचं सगळ्यांनी कौतुक केलं. वायरमनने तर चहा पाजला.

चहा संपतोय तोच नणंद आतून आली. रक्ताचे डाग पडलेलं चिंध्यांचं पोतं तिने एकदाचं रिकामं केलं होतं, आणि त्याच्या पार तळाशी तिला काहीतरी सापडलं होतं.

"काका, हा खडू आहे का साबण? वहिनींचा खुणा करायचा खडू असला नसतो."

तिच्या तळहातावर अर्धा तुकडा होता. मेणचट, हिरवा.

काकांनी तो हातात घेतला. मास्तरांची वडी गुलाबी होती. हिरवी वडी सगळ्या गल्लीत फक्त एक माणूस वापरत होता. ते तुकडा घेऊन उजेडात गेले. एका बाजूला कुत्र्याच्या दाढांनी फोडलेलं होतं, पण दुसऱ्या कडेला बारीक, जोडीजोडीने उठलेल्या रेघा होत्या. त्या उंदराच्या दातांच्या. कुत्र्याने खायच्या आधी ही वडी कुणीतरी तोंडात धरून ओढत आणली होती. चिंध्यांत बिळं करायला उंदरांना फार आवडतं, आणि जमवलेलं ते तिथेच लपवून ठेवतात.

मधलं भोक अर्धं शिल्लक होतं. काकांनी त्यात करंगळीचं नख फिरवलं. त्यांच्या पेट्यांतल्या सळया जुन्या, गंजलेल्या. सळईत ओवलेल्या वडीच्या भोकाला दोन दिवसांत तांबडा गंज लागतो. हे भोक स्वच्छ होतं. ही वडी सळईत कधी ओवलीच नव्हती.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. गेल्या महिन्याची फेरी. जिन्याखालची पेटी, सळईचा गंजून बसलेला नट. तो फिरेना, वाकून कंबर धरली होती, पुढे आणखी चार इमारती होत्या. काकांनी दोन वड्या पेटीत नुसत्या ठेवल्या आणि कुलूप घातलं. कुलूप आहे ना, मग काय होतंय. पण कुलूप माणसांसाठी होतं. उंदराला जायला-यायला दोन्ही बाजूंनी भोकं होती, आणि सुटी वडी उचलून न्यायला त्याला कुणाच्या किल्लीची गरज नव्हती.

"काय आहे हो?" नणंदेने विचारलं.

काकांनी तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"साबणच आहे," ते म्हणाले. "हात धुऊन टाक."

५

घरी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्या शर्ट धुवायला घ्यायला गेल्या आणि काका त्यांच्या अंगावर खेकसले. काकू बघतच राहिल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात खेकसायचा मान काकूंचा होता. काकांनी उठून रुमाल स्वतःच काढला, डब्यात बंद केला, आणि बायकोकडे न बघता अंथरुणावर जाऊन पडले.

गप्प बसणं सोपं होतं. नणंदेला काही कळलेलं नव्हतं, मास्तर पाच-सहा दिवसांत जाणारच होते. पण गोळ्या आज संपल्या होत्या, आणि बटणच्या पोटात गेलेली दीड वडी महिनाभर मुक्काम ठोकणारी होती. तो दोन-चार दिवस उड्या मारेल आणि मग एका सकाळी ताई शटर वर करतील. काकांनी उशीत तोंड खुपसलं. आपण हा विचार करतोय, करू शकतोय, याचीच त्यांना शिसारी आली.

तरी सकाळी ते दवाखान्यात गेले ते आडमार्गानेच. आपलं सहज म्हणून, त्यांनी सुचवलं, की बटणच्या गोळ्या महिनाभर वाढवल्या तर, काळजी म्हणून, बिघडलं काय.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

काकांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. बाई पुन्हा म्हणाल्या, "का?"

काकांनी डबा उघडून तुकडा टेबलावर ठेवला. नट, सळई, साबण, सगळं सांगितलं. ऐकून होताच त्यांनी ताईंना फोन लावला, की कुत्र्याला आत्ताच्या आत्ता घेऊन या, विष वेगळं निघालंय, आणि येईपर्यंत त्याला उड्या मारू देऊ नका.

"कुणाचं होतं ते मी सांगणार नाही," फोन ठेवून त्या काकांना म्हणाल्या. "कुत्रं मी बघते. त्या म्हाताऱ्याचं काय ते तुम्ही बघा."

काका बाहेर आले. पाय घराकडे वळले होते. अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले.

६

त्यांनी पुन्हा सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. तीच जागा, तेवढीच माणसं. मास्तर वर आपल्या दारातच उभे राहिले, खाली यायला तयार नव्हते, म्हणून काकांनी मान वर करूनच बोलायला सुरुवात केली.

त्यांनी आधी सहावी पेटी उघडली आणि तो बसलेला नट दाखवला. मग तुकडा दाखवला, दातांच्या रेघा आणि भोक दाखवलं. बटणने खाल्लं ते माझंच, म्हणाले. काल नणंदबाईंना साबण म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मास्तरांची वडी त्यांच्याच घरातल्या उंदराने नेली असणार, ती ओट्याच्या मागे कुठेतरी पडलेली असेल, शोधून काढा आणि हातमोजे घालून उचला.

वायरमनने मधेच विचारलं, की पण तुम्हीच तर म्हणालात, उंदीर वडी नेत नाही.

"नेतो," काका म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मला ठाऊक आहे. म्हणून तर पेटीत सळई असते. त्या दिवशी मी मास्तरांना खोटं पाडलं. आणि त्याच्या आदल्या दिवशी ही पेटी उघडली, तेव्हा खाली भुगा नव्हता. उंदीर जागेवर खातो तेव्हा भुगा पडतो. ते मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं आणि मी तुमच्याकडे बघून हसलो."

शिव्या पडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. ताई बटणला कडेवर घेऊन उभ्या होत्या, दवाखान्यातून नुकत्या आलेल्या. त्या काकांकडे बघतच नव्हत्या. बारा दिवस मास्तर जिना उतरले की त्या बटणची दोरी आखडून घेत होत्या, आणि आता त्यांची नजर वर मास्तरांकडे लागली होती.

मास्तर सावकाश खाली आले. बटणच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही असा त्यांना प्रश्न पडलेला दिसला. ताईंनीच त्याला पुढे केलं.

"मला वाटलं होतं माझंच असेल," मास्तर म्हणाले. "एक वडी हिशेबात लागत नव्हती. मी रोज ओट्याखाली बॅटरी मारून बघायचो. वाटायचं, आपल्या हातून एका मुक्या जिवाचं असं झालं. म्हणून मी काही बोललो नाही."

ताई तेव्हा रडल्या. पहिल्यांदाच, मोठ्याने.

अध्यक्षीणबाईंनी घसा साफ करून सांगितलं, की मास्तर, खोलीचं आपण विसरून जाऊ, तुम्ही खुशाल राहा. मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरीकडे खोली पाहून ठेवली होती. राग नाही, म्हणाले, पण अकरा वर्षांत त्या एका संध्याकाळी, मास्तर, हे खरं का, एवढं कुणी विचारलं असतं तर राहिलो असतो.

ते रविवारी निघाले. सामान ते किती, दोन ट्रंका, एक पलंग, पुस्तकांची खोकी, पण सगळी इमारत मदतीला लोटली. जो तो खाली मान घालून हात पुढे करत होता. मास्तरांनी कुणाचं मन मोडलं नाही. वायरमनला पलंग उचलायला दिला, नणंदेला भांड्यांची टोपली, अध्यक्षीणबाईंना छत्री आणि कंदील, ताईंना पुस्तकांचं एक लहान खोकं.

काका सकाळी सातपासून येऊन जिन्याशी उभे होते. मास्तर त्यांच्यासमोरून तीनदा वरखाली गेले. त्यांनी काकांना काहीच उचलायला दिलं नाही. सामान टेम्पोत चढलं, आणि काका सगळ्यांच्या मागून रिकाम्या हातांनी फाटकापर्यंत चालत गेले.